मिठाची बाकी

उमेदीची सगळी वर्षे बँकेच्या खतावण्यांत गेली. त्यामुळे आजही कुठलाही जुना हिशेब समोर आला, की नजर आपसूक वसुलीच्या रकान्याकडे वळते. ‘कोडेक्स मेंडोझा’ची छापील प्रत चाळताना तेच झाले. स्पॅनिश विजयानंतर, सोळाव्या शतकात मेक्सिकोत तयार झालेले हे चित्रमय बाड आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यातला मोठा भाग म्हणजे अॅझटेक साम्राज्याची खंडणीची वहीच. कोणत्या गावांनी किती सुती वस्त्रे, किती कोको, किती रंगीत पिसे द्यायची, ते सारे चित्रांत मांडलेले. निशाण म्हणजे २०, पिसासारखी खूण म्हणजे ४०० आणि पिशवी म्हणजे ८,०००. कुठल्याही शाखाधिकाऱ्याला हेवा वाटावा असा चोख हिशेब!

गंमत पाहा, ही वसुली करणारे लोक एके काळी स्वतःच देणेकरी होते. उत्तरेकडून भटकत आलेल्या मेशिका टोळीला चांगली जमीन कुणी दिली नाही. परंपरेप्रमाणे १३२५ साली त्यांनी तेश्कोको सरोवरातल्या एका दलदलीच्या बेटावर बस्तान बसवले. निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथे थांबा, असा देवाचा कौल होता म्हणे. तो गरुड आजही मेक्सिकोच्या झेंड्यावर आहे. तळ्यातला गाळ उपसून त्यांनी उथळ पाण्यात शेते रचली. त्या ‘चिनाम्पां’वर वर्षातून अनेक पिके निघत. पण शेजारच्या बलाढ्य अझ्कापोत्झाल्कोला मात्र खंडणी भरावी लागे. १४२८ मध्ये राजा इट्झकोआट्लने दोन शेजारी नगरांशी युती करून हे जोखड फेकून दिले. मग त्याने जुने इतिहासपट जाळून टाकले, अशी सोळाव्या शतकातली नोंद आहे. आपण कधी कुणाचे देणे लागत होतो, हे विसरण्याचा तो सोपा मार्ग असावा.

पुढच्या शतकभरात साम्राज्य समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरले. तेनोच्तित्लान ही राजधानी लाखाहून अधिक वस्तीची झाली. जिंकलेल्या प्रदेशांत बहुधा स्थानिक राजेच ठेवले जात. खंडणी वेळेवर आली की झाले. ती थकली की फौज येई, आणि युद्धकैदी देवळाच्या पायऱ्यांवर बळी जात. वसुली होती, पण आपलेपणा नव्हता.

त्लाश्काला हे राज्य मात्र नमले नाही. तेव्हा अॅझटेकांनी त्याची चहूबाजूंनी कोंडी केली. तिथे कापूस मिळेना, मीठही मिळेना. पिढ्यान् पिढ्या माणसे अळणी जेवली.

१५१९ साली हर्नान कोर्तेस जेमतेम ५०० सैनिक घेऊन किनाऱ्याला लागला. सेम्पोआलाच्या लोकांनी त्याच्यापुढे पहिली तक्रार मांडली ती वसुली अधिकाऱ्यांची. त्लाश्कालाने आधी त्याच्याशी लढून पाहिले, नंतर हात मिळवला. मूठभर स्पॅनिशांनी बंदुका-घोड्यांच्या जोरावर साम्राज्य बुडवले, असे आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात राजधानीला वेढा घालणाऱ्यांत हजारो, हजारो जण तिथलेच होते. आपण ज्यांचे मीठ तोडले, त्यांनी आपल्या मिठाला जागावे तरी कसे?

१५२० मध्ये देवीची साथ आली. नवा राजा कुइत्लावाक गादीवर बसून तीन महिनेही झाले नसतील, तोच दगावला. वेढ्यात गोड्या पाण्याचा पाट तोडला गेला. अखेर १३ ऑगस्ट १५२१ रोजी शेवटचा राजा कुआउतेमोक पकडला गेला आणि सारे संपले.

त्लाश्कालाला काय मिळाले? काही सवलती मिळाल्या, आणि तीच देवी. पुढच्या शंभर वर्षांत साथींनी जेते-जित दोघांनाही सारखेच कापून नेले. सूड वसूल झाला, पण त्याचे व्याज भरायला घरात माणसेच उरली नाहीत.

ती नगरी आज मेक्सिको सिटीच्या पोटात आहे. १९७८ मध्ये वीज कामगारांना खोदताना चंद्रदेवीची मानली जाणारी प्रचंड शिळा सापडली, आणि मुख्य मंदिर उजेडात येऊ लागले. त्या लोकांची नाहुआट्ल भाषा तर आजही दहा लाखांहून अधिक लोक बोलतात. आपल्या घरातही तिचे दोन शब्द नांदतात: मुलांचे चॉकलेट आणि स्वयंपाकघरातला टोमॅटो.

आज रविवार. घरी टोमॅटोचे सार उकळते आहे. बायको विचारते, “मीठ बेताचं आहे ना?” मी चव घेतो, आणि क्षणभर त्लाश्कालाची आठवण येते.