ऑगस्टातलं गणित

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. कराडमध्ये सकाळपासून पाऊस धरून बसलाय, त्यामुळे या ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये भर दिवसा दिवे लावलेत. खिडकीच्या गजांना ओल्या छत्र्या लटकताहेत आणि खाली रचलेल्या दप्तरांवर त्यांचं पाणी ठिबकतंय. तिकडे कुणाचंच लक्ष नाही. अकरावी सायन्सच्या या बॅचचं आज पहिलं टायट्रेशन आहे.

दोघांत मिळून एक ब्युरेट. तिच्यात सोडियम हायड्रॉक्साइड, खालच्या फ्लास्कमध्ये दहा मिलिलिटर ऑक्झॅलिक ॲसिड आणि त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. मॅडम ओट्यांमधून फिरत एकच गोष्ट सांगताहेत : रंग दिसला की थांबायचं नाही, रंग टिकला की थांबायचं. अटेंडंटना इथे सगळे मामा म्हणतात. मामा दाराशी उभं राहून बजावतात, "फुटलं तर लिहून घेणार हाय मी." हे त्यांनी इतक्या वर्षांत किती मुलांना सांगितलं असेल कुणास ठाऊक, पण आवाजातली जरब अजून ताजी आहे.

"मॅडम, पिंक झालं!" कोपऱ्यातून आरोळी येते.

मॅडम जातात, फ्लास्क उचलून दिव्यासमोर धरतात. आतला रंग चांगलाच गडद आहे. "हे पिंक नाही रे, लग्नातली राणी कलरची साडी झाली ही. ओत आणि परत कर."

पलीकडच्या ओट्यावर दोघांनी जर्नलमध्ये रीडिंगं लिहूनही टाकलीत : १०.०, १०.०, १०.०. मॅडम काही बोलत नाहीत, ब्युरेटकडे बोट दाखवतात. तीन वेळा दहा म्हणजे तीस व्हायला हवेत. ब्युरेट बारावर उभी आहे. मुलं एकमेकांकडे बघतात, मग खोडरबर शोधू लागतात. "खोडू नका. रेघ मारा आणि खाली खरं लिहा," मॅडम म्हणतात. मला हे आवडतं. विज्ञानाचा पहिला धडा पुस्तकात कुठेही असो, माझ्या मते तो इथे, या रेघ मारण्यात आहे.

माझ्या शेजारच्या ओट्यावर मल्हारपेठहून येणारी एक मुलगी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तासभर झाला, ती एक शब्द बोललेली नाही. डाव्या हाताने ब्युरेटची तोटी, उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहणं, शेवटी शेवटी एकेक थेंब, मध्येच काचेला लागलेला थेंब पाण्याने आत धुऊन घेणं, हे सगळं ती अशा सावकाशीने करते की जोडीदारीण कंटाळून जांभया देतेय. रीडिंगं येतात ९.८, ९.९, ९.८. मॅडम तिच्या जर्नलवर वाकून सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, ९.८ असं लिहायला लावतात आणि सहज विचारतात, "हे ०.०५ मोलर ॲसिड शंभर मिलिलिटर करायचं तर किती ग्रॅम घ्यायचं?"

"पॉइंट त्रेसष्ट."

"कसं?"

"एकशे सव्वीस गुणिले पॉइंट झिरो फाइव्ह. सहा पॉइंट तीन. ते एक लिटरला. आपल्याला त्याचा दहावा भाग."

वहीला हात न लावता. अर्ध्या वर्गाला मोल म्हणजे काय हे अजून उमगायचंय. जाता जाता मॅडम मला हळूच सांगतात, "ही गणित सोडतेय. दुपारी वडील येणार आहेत फॉर्मवर सही करायला."

परवाच्या चाचणीत तिला गणितात पंचवीसपैकी सहा मिळालेत, फिजिक्समध्ये पाच. गणित आपल्याला येत नाही, असं ती स्वतःच सांगते. तेवढं एकच वाक्य ती माझ्याशी बोलते.

पुढचा तास फिजिक्सचा. वर्गात पटाच्या निम्मीच मुलं आहेत. उरलेली शहरातल्या एखाद्या क्लासच्या एसी खोलीत असणार. कॉलेजात त्यांचं नाव असतं, ती प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला उगवतात. दाराजवळच्या भिंतीवर अंगठा लावायचं मशीन आहे. २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, तेव्हाचं असावं. त्यावर आता वेळापत्रकाचा कागद चिकटवलाय.

सर फळ्यावर पुस्तकातलं दुसरं प्रकरण लिहितात : मॅथेमॅटिकल मेथड्स. सदिश, विकलन, संकलन, सगळं या एका प्रकरणात. सर समजावायला एसटी घेतात. पाटणहून सुटलेली गाडी मल्हारपेठेला किती वाजता, निसऱ्याला किती, विजयनगरला किती, हे मुलांकडूनच विचारून घेतात आणि आलेख काढतात. अंतर भागिले वेळ, म्हणजे सरासरी वेग. इथपर्यंत वर्ग सोबत आहे. उलट कुठल्या थांब्यावर ड्रायव्हर किती वेळ काढतो, यावर मागे वाददेखील होतो.

"आता मला सांगा, गाडी निसरे फाट्यावरून पास होताना, अगदी त्या क्षणाला, काटा कितीवर असेल?"

शांतता. सर वेळेचा तुकडा लहान करत जातात. दहा मिनिटं, एक मिनिट, एक सेकंद, सेकंदाचा शंभरावा भाग. आलेखावरची तिरकी रेघ हळूहळू वळणाला टेकते. मग ते फळ्यावर लिहितात, व्ही बरोबर डीएस बाय डीटी.

शेवटच्या बाकावरून हात वर होतो. "सर, वरचा डी आणि खालचा डी कटत न्हाय का?"

वर्ग फुटतो. सर हसत नाहीत. "बरोबर विचारलंस. आजपर्यंत वर-खाली सारखं दिसलं की आपण काटत आलो. मग इथं का काटायचं नाही?" आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. या वेळी डी ही संख्या नाही, 'फार लहान बदल' असं सांगणारी खूण आहे, इथून. काही चेहरे उजळतात. काही उजळत नाहीत. पाच मिनिटांत घंटा होणार आणि पुढच्या तासाला सर या खुणेवर उभं राहून प्रतलातली गती शिकवणार. मल्हारपेठची मुलगी फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवून घेते. डीच्या शेजारी पेन्सिलीने लहान प्रश्नचिन्ह काढते.

स्टाफरूममध्ये चहा आलाय. गणिताच्या मॅडम पेपर तपासताहेत. मी त्यांना विचारतो, तुमच्याकडे डेरिव्हेटिव्ह कधी?

"फेब्रुवारी. दुसऱ्या भागाचं शेवटचं प्रकरण आहे ते. आधी लिमिट्स, मग कंटिन्युइटी, मग ते. आत्ता एका भागात त्रिकोणमिती चाललीय, दुसऱ्यात कॉम्प्लेक्स नंबर्स."

म्हणजे फिजिक्सला जे हत्यार ऑगस्टात लागतं, ते गणिताच्या तासाला फेब्रुवारीत हातात येतं. मधले सहा महिने मूल समजतं की आपलंच डोकं चालत नाही. फिजिक्सचे सर माझ्या मनातलं ओळखल्यासारखे म्हणतात, "मी शिकवतोच की. पण गणिताच्या मास्तरला ज्याला महिना लागतो ते मला चार तासांत उरकायचं असतं. मग चाचणीत पोरं आडवी होतात आणि फॉर्म घ्यायला ऑफिसात रांग लागते."

त्या फॉर्मवरचे पर्याय इथे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. ए ग्रुप म्हणजे गणित, बी ग्रुप म्हणजे बायो, एबी म्हणजे दोन्ही. शिवाय दोनशे मार्कांचं बायफोकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स. ते घेतलं की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. एबीवाल्यांबद्दल सरांचं मत कडक आहे. घरच्यांना दोन्ही दरवाजे उघडे हवे असतात, त्यातून जाणारं पोर मात्र एकच असतं. बोर्ड, पीसीएमची सीईटी, पीसीबीची सीईटी आणि नीट, एवढ्या परीक्षांच्या चार तऱ्हा त्याने सांभाळायच्या. सीईटीत नकारात्मक गुण नाहीत, नीटमध्ये चुकलं की मार्क कापला जातो. एकीकडे माहीत नसलेलंही ठोकून द्यायचं, दुसरीकडे हात आवरायचा. काहींना जमतं. सकाळच्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपलेला मुलगा एबीचा होता, हे मला आत्ता कळतं.

दोनच्या सुमारास वडील येतात. रेनकोट दाराबाहेर झटकून आत पाऊल टाकतात. गावात दुधाचं संकलन केंद्र चालवतात. मुलगी मागे, भिंतीला टेकून उभी.

"बसा हो," सर खुर्ची पुढे करतात.

ते बसत नाहीत. "सर, मला यातलं कळत न्हाय. एवढंच सांगा, गणित सोडलं तर फुडं काय काय बंद हुतंय?"

इतका नेमका प्रश्न शिकलेल्या पालकांकडूनही सहसा येत नाही, असं सर नंतर मला सांगतात. आत्ता ते बोटांवर मोजतात. इंजिनिअरिंग बंद. एनडीएतून हवाई दल, नौदल बंद. फिजिक्स किंवा गणितात बीएस्सी अवघड. मेडिकल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग चालू राहतं, कारण तिथे बायो लागतं. फार्मसीला दोन्हीपैकी एक असलं तरी चालतं. कृषीला पण.

"हिला कृषीलाच जायचंय."

"मग सोडलं तरी बिघडत नाही," सर सरळ सांगतात. वडिलांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. सर पुढे म्हणतात, "पण का सोडतेय ते तिला विचारा. कृषीला जायचंय म्हणून सोडत असेल तर खुशाल सही करा. सहा मार्क पडले म्हणून सोडत असेल तर थांबा. कारण फिजिक्स तर राहणारच आहे, आणि त्यातलं गणित फॉर्म भरून सुटत नाही. केमिस्ट्रीतलं पण नाही."

केमिस्ट्रीच्या मॅडम सकाळचं पॉइंट त्रेसष्ट सांगतात. वडिलांना ते नीटसं समजत नाही, पण मुलीबद्दल काहीतरी चांगलं बोललं जातंय हे समजतं. ते वळून विचारतात, "मग? तुला काय वाटतंय आक्का?"

ती बराच वेळ गप्प. मग सरांनाच विचारते, "सर, तो डी कटत न्हाय हे गणिताच्या तासाला कधी येणार?"

गणिताच्या मॅडम तपासत असलेला पेपर खाली ठेवतात. चार वाजता एक जादा तास घेते, म्हणतात. फक्त लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह, ज्याला यायचं त्याने यावं. हे ऐकायला सोपं आहे. हिला ते महागात पडणार. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे पैशांचा प्रश्न नाही. पण जादा तास केला की साडेचारची गाडी चुकते, पुढची गर्दीची, आणि घरी पोचेपर्यंत अंधार. वडील तोंडातल्या तोंडात वेळा जुळवतात. संध्याकाळचं दूध घालायला लोक त्याच वेळी येतात. शेवटी म्हणतात, "आठ दिवस मी फाट्यावर येतो घ्यायला. मग बघू." फॉर्म घडी करून खिशात जातो. सही होत नाही, फाडलाही जात नाही.

ती गणित ठेवील की सोडील, मला माहीत नाही. कृषीला जायचं असेल तर सोडणं चूक नाही, हे मी सरांइतकंच मानतो. प्रत्येकाने सगळे विषय छातीशी धरावेत असं म्हणणारे लोक बहुधा ते विषय स्वतः शिकत नसतात. चूक आहे ती निर्णयाच्या वेळेत. पहिल्या चाचणीत मुलांची गणिताची कुवत फारशी मोजली जात नाही. जे अजून शिकवलेलंच नाही ते येतं का, एवढंच मोजलं जातं. सीईटीतही अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे वीस टक्केच जागा असते, बाकी बारावीचं. गणिताच्या पन्नास प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण, तो हिशेबही पुढचा. ऑगस्टातल्या सहा मार्कांना एवढा मान कशाला?

गणिताच्या मॅडम आता कपाटातून वार्षिक नियोजनाचा तक्ता काढतात आणि सरांसमोर टेबलावर पसरतात. लिमिट्स आणि डिफरन्सिएशनवर पेन्सिलीने बाण काढून तो जुलैच्या रकान्यात नेतात. "पुढच्या वर्षी," म्हणतात. त्रिकोणमिती थोडी मागे जाईल, तिला काही होत नाही. सर मान हलवतात आणि लगेच सुचवतात, मग सदिशही तिकडेच घ्या.

हे करायला कुणाची परवानगी लागत नाही. अकरावीची परीक्षा बोर्ड घेत नाही, कॉलेजच घेतं. कोणतं प्रकरण कधी शिकवायचं हे दोन शिक्षकांनी एका टेबलाशी बसून ठरवता येतं. तुमचं मूल यंदा अकरावी सायन्सला असेल तर कॉलेजात जाऊन एवढं विचारा, की फिजिक्सला लागणारं गणित गणिताच्या तासाला कधी येतं. उत्तर फेब्रुवारी असेल, तर विषय बदलाचा फॉर्म तूर्त भरू नका.