सायटेशनचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख दुसऱ्या निबंधाच्या संदर्भसूचीत झाला की ते एक सायटेशन धरले जाते. विषाणुशास्त्रातल्या संशोधकाची नेमणूक, बढती किंवा प्रकल्पाचा निधी ठरवताना निबंध किती आणि सायटेशन किती, हे दोन आकडे बहुधा आधी पाहिले जातात. आकडे सहज मिळतात, म्हणून त्यांच्यावर भरवसाही सहज बसतो.

सायटेशन जास्त म्हणजे काम बरोबर, हा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज. मार्च 2020 मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरातील एका गटाने कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे औषध उपयोगी पडते, असा दावा करणारा निबंध प्रसिद्ध केला. विश्लेषणात अवघे 36 रुग्ण होते. औषध मिळालेल्या 26 जणांपैकी 6 जण त्यातून वगळले होते. त्यांतले तिघे अतिदक्षता विभागात गेले होते आणि एकाचा मृत्यू झाला होता. या निबंधाला हजारो सायटेशन मिळाली. त्यांत त्यातले दोष दाखवणाऱ्यांचे आणि दावा खोटा ठरवणाऱ्या चाचण्यांचे निबंधही होते, पण मोजणीत खंडन आणि समर्थन यांचे वजन सारखेच. डिसेंबर 2024 मध्ये निबंध मागे घेतला गेला. मधल्या काळात जगभर रुग्णांना हे औषध दिले गेले होते. वैद्यकातली ही चूक कागदापुरती राहत नाही, हे इथे विसरून चालणार नाही.

याची उलट बाजू म्हणजे सायटेशन कमी असेल तर शोध किरकोळ, ही समजूत. विषाणुशास्त्रात तर ती वारंवार खोटी ठरते, कारण इथे सायटेशनचा ओघ बऱ्याचदा साथीमागून येतो. युगांडातल्या झिका जंगलात 1947 साली पिवळ्या तापाच्या अभ्यासासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात नवा विषाणू सापडला. त्याचे वर्णन 1952 साली छापून आले आणि पुढची अनेक दशके त्याकडे फारसे कोणी वळले नाही. 2015 मध्ये ब्राझीलमध्ये साथ उसळली, अर्भकांच्या मेंदूची वाढ खुंटू लागली, आणि त्या जुन्या निबंधाचा उल्लेख सर्वत्र होऊ लागला. निबंधातला एक शब्दही बदलला नव्हता. मानसन्मानही असाच उशिरा येतो. पेटन राऊस यांनी कोंबड्यांतला कर्करोग विषाणूमुळे होतो, हे 1911 साली दाखवले. नोबेल मिळाले ते 1966 साली.

विषयाचा आवाकाही महत्त्वाचा. ज्या रोगावर मोजक्याच प्रयोगशाळा काम करतात, तिथे उल्लेख करणारेच थोडे. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात 1957 साली माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, गोचिडींतून पसरणारा विषाणू शोधून काढला. पुढे हाच माकडताप गोव्यात आणि सिंधुदुर्गात पोचला. इन्फ्लुएन्झा किंवा एचआयव्हीवरच्या निबंधांशी त्या कामाच्या सायटेशनची तुलना करणे सरळ अन्यायाचे आहे.

सर्वाधिक उल्लेख होणारे निबंध शोधांचेच असतात असेही नाही. रीड आणि म्युंच यांनी 1938 साली विषाणूची मात्रा अजमावण्याची एक साधी गणिती रीत मांडली. प्रयोगशाळांत ती वापरली जाते, म्हणून तिचा उल्लेख आजही होतो. आढावा घेणाऱ्या लेखांनाही मूळ प्रयोगांपेक्षा पुष्कळदा जास्त सायटेशन मिळतात.

निबंध आणि सायटेशन या दोन्हींना एकाच आकड्यात बसवणारा एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 साली सुचवला. ज्याच्या 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन आहेत आणि 21 निबंधांना प्रत्येकी 21 नाहीत, त्याचा एच-इंडेक्स 20. हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधी उतरत नाही, म्हणून तरुण आणि ज्येष्ठ संशोधकांना त्यावर एकमेकांशी तोलू नये. ज्याने तीनच निबंध लिहिले, त्याचा एच-इंडेक्स ते युगप्रवर्तक असले तरी 3 च्या वर जाणार नाही. प्रयोग कोणी केले आणि नाव कोणाचे नुसते जोडले गेले, तेही यातून कळत नाही. शिवाय गूगल स्कॉलर प्रबंध आणि पूर्वप्रती धरतो, स्कोपस निवडक प्रकाशनेच मोजतो. तेव्हा एकाच व्यक्तीचे दोन ठिकाणचे आकडे वेगळे दिसले तर त्यात लबाडी नसते.

इम्पॅक्ट फॅक्टर तर संशोधकाचा नसतोच, तो नियतकालिकाचा. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढेच तो सांगतो. थोड्या लेखांना भरघोस उल्लेख मिळतात आणि सरासरी वर चढते. शेजारच्या लेखाला एकही उल्लेख नसला तरी त्याला तोच मान चिकटतो. व्यक्तीच्या नेमणुकीत वा बढतीत हा आकडा वापरू नये, असे सॅन फ्रान्सिस्कोत 2012 साली सुरू झालेल्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि जगभरातल्या हजारो संस्थांनी व संशोधकांनी त्यावर सह्या केल्या आहेत.