तारामाशांचा मारेकरी सापडला

तारामासा हा मासा नव्हेच. त्याला कणा नाही, हृदय नाही, मेंदूही नाही. तरीही या प्राण्याच्या सुमारे १,९०० जाती जगातील सगळ्या महासागरांत नांदतात. कुणी ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांना चिकटून राहतो, तर कुणी हजारो मीटर खोल, काळोख्या तळाशी. बहुतेकांना पाच हात असतात. पण उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘सूर्यफूल तारामाशा’ला वीसहून अधिक हात असू शकतात आणि तो मीटरभर रुंद होतो.

याचा सगळा संसार पाण्याच्या जोरावर चालतो. पाठीवरच्या चाळणीतून समुद्राचे पाणी आत येते, नळ्यांमधून हातांत खेळते आणि खालच्या शेकडो नळीपायांना बळ देते. याच पायांनी अनेक जाती शिंपला धरून ओढत राहतात. जराशी फट पडली, की तारामासा आपले जठरच तोंडावाटे बाहेर काढून शिंपल्यात सरकवतो, भक्ष्य तिथेच पचवतो आणि जठर पुन्हा आत घेतो. हात तुटला तर नवा येतो. लिंकिया गटातील काही जातींत तर तुटलेल्या एका हातापासून अख्खा प्राणी तयार होतो.

वैद्यकशास्त्रावर या प्राण्याचे जुने ऋण आहे. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरत्या पेशींनी त्या काट्याभोवती गराडा घातलेला दिसला. शरीरातील पेशी जंतूंना गिळून टाकतात, या सिद्धांताची ही सुरुवात. त्यासाठी १९०८ चे नोबेल त्यांना पॉल अर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले. माणसाच्या जखमेत पू का होतो, याचे उत्तर असे समुद्रकाठी सापडले!

२०१३ मध्ये मात्र तारामासेच आजारी पडू लागले. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत वीसहून अधिक जातींना लागण झाली. हात पिळवटायचे, अंगावर व्रण पडायचे, मग हात गळून पडायचे आणि थोड्याच दिवसांत प्राण्याचा लगदा व्हायचा. सूर्यफूल तारामाशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक नष्ट झाले. ही संख्या पाच अब्जांच्या वर असल्याचा अंदाज आहे. हा तारामासा काटेरी सी-अर्चिन खातो. खाणारा गेला आणि अर्चिन माजले. त्यांनी केल्प या उंच सागरी शैवालाची वनेच्या वने फस्त केली. त्यात समुद्रही तापलेला. उत्तर कॅलिफोर्नियात केल्प जवळपास नाहीसे झाले, त्यावर जगणारे ॲबलोनी शंख उपाशी मरू लागले आणि २०१८ मध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी घालावी लागली.

निदानाला तब्बल बारा वर्षे लागली. आधी एका विषाणूवर संशय होता, पण तो निरोगी तारामाशांतही आढळला. संशोधक व्रणांच्या आसपासची ऊती तपासत राहिले. तारामाशाच्या शरीरपोकळीत एक द्रव असतो. आपल्या रक्ताची बरीचशी कामे तो करतो. अखेर एका गटाने आजारी आणि निरोगी प्राण्यांतला हा द्रव शेजारी शेजारी ठेवून तपासला, तेव्हा फरक लख्ख दिसला. आजारी प्राण्यांत ‘व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा’ हा जिवाणू बुजबुजला होता. नुसते सापडणे म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून तो वेगळा काढून वाढवला आणि निरोगी तारामाशांना टोचला. तेही तसेच विरघळून मेले. आजारी प्राण्याचा द्रव तापवून टोचला, तेव्हा मात्र काही झाले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली ही पद्धत अजूनही तितकीच भरवशाची आहे.

हा जिवाणू कॉलऱ्याच्या जिवाणूचा भाऊबंद. या कुळातील अनेक जिवाणूंना कोमट पाणी मानवते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील थंड, चिंचोळ्या खाड्यांमध्ये मोठे सूर्यफूल तारामासे अजून टिकून आहेत. प्रयोगशाळेतही त्यांची पिल्ले वाढवली जात आहेत. ती समुद्रात सोडण्यापूर्वी कोणत्या जंतूसाठी तपासायची, हे आता ठाऊक झाले आहे.