धुलाई यंत्रातील पाण्याचा निचरा

धुलाई यंत्रातील पाण्याचा निचरा म्हणजे कपडे धुऊन किंवा विसळून झाल्यावर टबमध्ये उरलेले मळकट पाणी यंत्राबाहेर टाकण्याची क्रिया होय. एका धुलाईत ही क्रिया अनेक वेळा घडते. मुख्य धुलाईनंतर ती एकदा होते, प्रत्येक विसळणीनंतर पुन्हा होते आणि पिळणीच्या काळात ती सतत चालू राहते. निचरा अडला की यंत्र पुढच्या टप्प्यावर जात नाही. कपडे साबणाच्या पाण्यात तसेच राहतात आणि समोरून उघडणाऱ्या यंत्राचे दारही कुलूपबंद राहते. वॉशिंग मशीनच्या नेहमीच्या बिघाडांत या दोषाची गणना होते. पुष्कळदा तो एकही सुटा भाग न बदलता दूर करता येतो. मात्र पाणी बाहेर टाकण्याची रीत सर्व यंत्रांत सारखी नसते, आणि एका रीतीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. ज्या यंत्रात मुळात पंपच नाही, त्यात पंपाची जाळी शोधत बसणे हा या कामातील नित्याचा घोटाळा आहे.

निचऱ्याच्या पद्धती

घरगुती यंत्रांत पाणी दोन प्रकारे बाहेर जाते.

पहिल्या प्रकारात टबच्या तळातील पाणी रबराच्या जाड, घड्यांच्या नळीतून एका लहान विद्युत पंपात उतरते आणि पंप ते वर उचलून निचरा नळीत ढकलतो. समोरून उघडणारी, म्हणजेच फ्रंट लोड यंत्रे याच पद्धतीची असतात. पंपाची मोटर साधारणतः ३० वॉटच्या आसपासची असते. तिच्या फिरत्या भागात कायमचुंबक बसवलेला असतो. पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते आणि नाणी, पिना, धाग्यांचे गोळे पंख्यापर्यंत जाऊ नयेत यासाठी ती तेथे अडवून धरते.

दुसऱ्या प्रकारात पाणी केवळ उताराने वाहून जाते. दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्रांत आणि भारतात विकल्या जाणाऱ्या वरून उघडणाऱ्या अनेक पूर्ण स्वयंचलित यंत्रांत ही पद्धत आढळते. येथे टबच्या तळाशी रबरी बूच असलेली एक झडप असते. सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात बटण ‘ड्रेन’कडे फिरवले की पट्टी किंवा तार त्या बुचाला ओढते. पूर्ण स्वयंचलित यंत्रात हेच काम एक छोटी निचरा मोटर करते. अशा बऱ्याच यंत्रांत ही मोटर झडप उघडताना टबचा ब्रेक व क्लचही सोडवते. त्यामुळे पाणी न जाणे आणि टब न फिरणे असे दोन वेगळे वाटणारे दोष एकाच भागातून उद्भवू शकतात.

यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे हे पुस्तिका पाहून ठरवणे उत्तम. पुस्तिका हाती नसल्यास निचरा नळीवरून अंदाज बांधता येतो. नळी पाठीमागे उंचावर अडकवलेली असेल किंवा तिला बेसिनच्या काठावर टांगण्याचा आकडा असेल, तर यंत्र पंपाचे असण्याचा संभव अधिक. नळी तळातून निघून जमिनीलगत पसरलेली असेल, तर ते बहुधा उताराचे. वरून उघडणाऱ्या यंत्रांपैकी काही पंपासह मिळतात, म्हणून केवळ झाकण कोठे आहे यावरून निष्कर्ष काढू नये.

यंत्राबाहेरील कारणे

यंत्र उघडण्यापूर्वी नळी आणि मोरी पाहावी. साफसफाईसाठी यंत्र सरकवल्यावर ते परत भिंतीशी टेकवताना नळी मुडपते. अशा वेळी यंत्रात काहीही बिघडलेले नसते.

नळीच्या उंचीचा नियम दोन्ही पद्धतींत एकमेकांच्या उलट आहे. पंपाच्या यंत्रात नळीचे टोक जमिनीपासून सुमारे ६० ते १०० सेंटिमीटर उंच ठेवण्यास सांगितलेले असते. त्याहून फार वर नेल्यास पंप पाणी उचलू शकत नाही. फार खाली ठेवल्यास वक्रनलिकेच्या तत्त्वाने टबमधील पाणी भरता भरताच वाहून जाते, आणि यंत्र तासन्‌तास पाणी घेत राहते. उताराच्या यंत्रात नळी जमिनीलगतच हवी. महाराष्ट्रातील अनेक घरांत यंत्र स्नानगृहाच्या बाहेर ठेवून नळी उंबरठ्यावरून आत सोडलेली असते. पंपाच्या यंत्राला या उंबरठ्याचे काही वाटत नाही. उताराच्या यंत्रात मात्र उंबरठ्याच्या उंचीइतके पाणी टबमध्ये राहून जाते आणि पिळणी नीट होत नाही. नळीला लांब जोड दिल्यासही असाच परिणाम होतो. येथे यंत्र दणकट चौरंगावर उचलून घेणे किंवा उंबरठ्याखालून वाट काढणे हाच खरा उपाय ठरतो. नवी झडप बसवून काही साधत नाही.

नहाणी ट्रॅप केसांनी व साबणाच्या थराने भरला असेल, तर यंत्रातून सुटलेले पाणी जमिनीवर उलटून येते. नळीचे टोक काढून बादलीत धरावे आणि निचरा चालवावा. बादलीत पाणी जोरात पडले तर दोष यंत्रात नसून मोरीत आहे.

उंदीर हे भारतातील आणखी एक कारण होय. यंत्राचा तळ उघडा असल्यास ते आत शिरतात आणि वायरी व नळ्या कुरतडतात. नळी कुरतडल्यास पाणी गळते, तर पंपाची वायर तुटल्यास ते आतच राहते. तळाला बसवण्याच्या जाळ्या बाजारात मिळतात.

साचलेले पाणी काढणे

कोणतेही काम सुरू करण्याआधी यंत्राचा प्लग भिंतीतून काढावा. केवळ यंत्रावरील बटण बंद करणे पुरेसे नाही. धुलाई गरम पाण्याची असेल तर पाणी निवू द्यावे. ६० किंवा ९० अंश सेल्सिअसच्या धुलाईनंतर लगेच जाळी उघडल्यास हात भाजतो. पाणी असताना फ्रंट लोड यंत्राचे दार ओढून उघडण्याचा प्रयत्न करू नये. कुलूप तुटते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. वरून उघडणाऱ्या भरल्या टबजवळ लहान मुलांना एकटे सोडू नये.

पंपाच्या यंत्रात निचरा नळी आकड्यातून सोडवून तिचे टोक बादलीत, जमिनीपर्यंत खाली आणल्यास बरेचसे पाणी बहुधा आपोआप येते. काही फ्रंट लोड यंत्रांत पुढच्या बाजूस खाली, जाळीशेजारी, बूच लावलेली एक बारीक आपत्कालीन नळीही असते. टबमध्ये १० लिटरांहून अधिक पाणी असू शकते. म्हणून एका बादलीच्या भरवशावर राहू नये. ही नळी नसल्यास जाळीचे झाकण थोडे सैल करावे, पसरट परातीत पाणी घ्यावे, झाकण पुन्हा आवळावे आणि परात रिकामी करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण झाकण एकदम काढल्यास सगळे पाणी घरभर होते.

जाळी व पंखा

पाणी संपल्यावर जाळी पूर्ण फिरवून बाहेर काढतात. तिच्यात सापडणाऱ्या वस्तूंवरून घराची ओळख पटावी : सुटी नाणी, ब्लाउजचे हूक, सेफ्टी पिना, बटणे, केसांच्या क्लिपा, खिशात राहिलेल्या कागदाचा लगदा. बाळाचा पायमोजा किंवा हातरुमाल दाराच्या रबरी कडेमागून टबच्या बाहेरच्या भागात सरकतो आणि तळाच्या नळीत जाऊन बसतो. जाळी स्वच्छ असूनही पाणी पंपापर्यंतच येत नसेल, तर ही घड्यांची नळी सोडवून तपासावी लागते. त्यासाठी यंत्र कलंडवावे लागत असल्याने दोन माणसे हवीत.

वरून उघडणाऱ्या यंत्रांच्या टबमध्ये दिसणारी कापडी पिशवी किंवा प्लॅस्टिकची जाळी केवळ धागे गोळा करण्यासाठी असते, तिचा निचऱ्याच्या मार्गाशी संबंध नसतो. ती साफ केली म्हणजे निचऱ्याची वाट मोकळी झाली असे नव्हे.

जाळी काढल्यावर त्या पोकळीत टॉर्च धरल्यास पंपाचा पंखा दिसतो. तो बोटाने किंवा पेन्सिलीने हळूच फिरवून पाहावा. चुंबकामुळे तो सलग न फिरता अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो आणि दिशा बदलताना थोडा सैल वाटतो. हे त्याचे नेहमीचे वागणे आहे. पंप खराब झाल्याचे समजून याच अवस्थेत चांगले पंप बदलले जातात. पंखा मुळीच हलत नसेल तर आसाभोवती केस वा दोरा गुंडाळलेला असतो. तो अगदी मोकळा, कोणत्याही झटक्याविना गरगरत असेल तर तो आसापासून सुटलेला असण्याची शक्यता आहे.

झडपेचे दोष

उताराच्या यंत्रात निचऱ्याच्या वेळी पाणी हळू जात असेल, तर झडपेच्या कप्प्यात धाग्यांचा गाळ साचलेला असतो. सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात बटण फिरवताना हाताला ताण जाणवत नसेल, तर पट्टी तुटली किंवा आकड्यातून निसटली असे समजावे. मागचे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे झाकण काढल्यावर ही पट्टी दिसते. झडपेचे झाकण फिरवून काढले की बूच आणि स्प्रिंग हाती येतात. त्यांवर बसलेला क्षारांचा थर धुऊन काढावा. कूपनलिकेच्या कठीण पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत हा थर लवकर जमतो. बुचाची कड चिरली असेल तर ते बदलावे. झडपेत अडकलेली पीन उलट दोषही घडवते. बूच पूर्ण बसत नाही आणि टब भरता भरता रिकामा होत राहतो.

नळी मोकळी करण्यासाठी मोरी साफ करण्याचे दाहक रसायन यंत्रात ओतू नये. त्याने रबर आणि धातूचे भाग खराब होतात आणि नंतर जाळी उघडणाऱ्याच्या हातावर तेच पाणी येते.

फेस आणि पातळीदर्शक

फ्रंट लोड यंत्रात हाताने धुण्याची पावडर घातल्यास फेस अतोनात होतो. पंप पाणी ढकलू शकतो, फेस नव्हे. तो आवाज करीत फिरतो पण नळीतून काही येत नाही. अशा वेळी यंत्र काही काळ बंद ठेवून फेस बसू द्यावा, मग साबणाविना विसळणी चालवावी.

टब रिकामा दिसत असूनही यंत्र निचऱ्याचा दोष दाखवत असेल, तर लक्ष पातळीदर्शकाकडे वळवावे. टबच्या तळाजवळ हवेचा एक लहान कप्पा असतो आणि तेथून बारीक नळी वर स्विचकडे किंवा संवेदकाकडे जाते. पाणी चढले की या नळीतील हवा दाबली जाते, आणि त्या दाबावरून यंत्राला पातळी कळते. कप्प्याचे तोंड साबणाच्या चिखलाने बुजले की पाणी गेल्यावरही दाब अडकून राहतो. कप्पा आणि नळी धुतल्यावर हा दोष जातो. निचरा न झाल्याची खूण म्हणून एलजीच्या यंत्रांवर ‘ओई’ आणि सॅमसंगच्या यंत्रांवर ‘५ई’ किंवा ‘५सी’ अशी अक्षरे उमटतात. बॉशच्या अनेक यंत्रांवर ‘ई१८’ दिसते. ही खूण ठरावीक वेळेत पाणी गेले नाही एवढेच सांगते. पंप बदला असा तिचा अर्थ नाही.

विद्युत तपासणी

वाट पूर्ण मोकळी असूनही पंप गुणगुणत नसेल, तरच त्याच्या विजेकडे वळावे. प्लग काढलेला असताना पंपाच्या दोन्ही टोकांमधील रोध मल्टिमीटरने मोजतात. २३० व्होल्टच्या चांगल्या पंपात तो साधारणतः १०० ते २०० ओहम भरतो. काहीच वाचन आले नाही तर आतील तारेचे वेटोळे तुटले आहे आणि पंप बदलावा लागतो. रोध योग्य असूनही पंप चालत नसल्यास दोष वायरीत किंवा नियंत्रण फलकात असतो. चालू यंत्रात व्होल्ट मोजण्याचे आणि फलक उघडण्याचे काम तंत्रज्ञावर सोपवावे. ओल्या फरशीवर, अर्थिंग नसलेल्या प्लगवर हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. सेमी-ऑटोमॅटिक यंत्रांतील मोटरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विद्युतभार राहू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये.

नवा पंप घेताना मॉडेलचा क्रमांक सांगावा आणि जुना पंप सोबत न्यावा. बाहेरून सारखे दिसणारे पंप स्क्रूंच्या जागा आणि नळीच्या तोंडाच्या दिशा यांत वेगळे निघतात.

दुरुस्तीनंतरची चाचणी

जाळी परत बसवताना तिच्या कडेचे रबरी कडे आणि त्याची खाच पुसून घ्यावी, कारण तेथे अडकलेला एक धागाही गळती घडवतो. त्यानंतर कपड्यांविना एक विसळणी व पिळणी चालवतात. जाळीच्या झाकणाखाली कोरडा कागद ठेवल्यास थेंबभर गळतीही लगेच कळते. पहिल्या निचऱ्यात अडकलेला उरलासुरला गाळ पंपाकडे येतो, म्हणून ही चाचणी संपल्यावर जाळी आणखी एकदा काढून पाहतात.