प्रस्थानापूर्वीचा खटाटोप

१९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून निघून, वाटेत अहमदाबादेस थांबून, जे छोटेसे विमान जुहूस आणून उतरविले, त्यात उतारू कोणी नव्हता. होते ते केवळ टपाल, आणि टपालास ना पासपोर्ट लागतो, ना लोणच्याची बरणी बरोबर नेण्याची इच्छा होते. मनुष्य त्याच मार्गाने जाऊ लागला तेव्हा मात्र प्रस्थानापूर्वीच्या खटाटोपाचे एक स्वतंत्र शास्त्रच निर्माण झाले. आणि त्या शास्त्राची आजवरची वळणे न्याहाळली असता मला असे वाटते की, खटाटोपाचे एकंदर ओझे फारसे घटलेले नसून ते दप्तरातील कारकुनाच्या मेजावरून हळूहळू उतारूच्या माथी आले आहे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनकडे निघाले. त्या काळी आणि पुढेही दीर्घकाळ परदेशगमनाची तयारी म्हणजे मुख्यतः दाखल्यांचा संग्रह. पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे; १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यातच मोडतो असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा कोठे त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. देवीची लस टोचून घेतल्याची पुस्तिका जवळ असावी लागे. रिझर्व्ह बँकेच्या ‘पी फॉर्म’वर मंजुरीचा शिक्का पडल्यावाचून तिकीट हाती येत नसे, आणि एवढे सारे सोपस्कार पार पडले तरी साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात सामान्य प्रवाशास खिशात अवघे ८ डॉलर घेऊन सीमोल्लंघन करावे लागे. सबब, पेटीत भाजणी, मेतकूट आणि चकल्यांचे डबे दडपून भरणाऱ्या मातोश्रींच्या वात्सल्याचे कौतुक करताना, त्या वात्सल्यास परकीय चलनविषयक धोरणाचाही भक्कम आधार होता, हे विसरता कामा नये.

या दाखल्यांच्या बाबतीत महाराष्ट्रीय स्त्रीची वाट विशेष बिकट असे. विवाहसमयी आडनावाबरोबर तिचे स्वतःचे नावही बदलण्याचा प्रघात अनेक घरांत होता. परिणामी शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, शिधापत्रिका दुसऱ्या नावाची, आणि विवाहाची सरकारी नोंद तर पुष्कळांनी केलेलीच नसे. मुलाकडे अमेरिकेस निघालेल्या साठीच्या आजीबाईंना, आपण आणि दाखल्यातील ती कुमारिका एकच, हे प्रतिज्ञापत्राने आणि राजपत्रातील जाहिरातीने सिद्ध करीत बसावे लागे. आजही तिकिटावरील नाव पासपोर्टाशी अक्षरशः जुळले पाहिजे, आणि मध्ये वडिलांचे वा पतीचे नाव घालणाऱ्या आपल्या रीतीमुळे घोटाळा नेमका तेथेच होतो. अन्य बाबतींत थोडीबहुत हयगय खपून जाते. येथे खपत नाही.

२००० साली चलनविषयक नवा कायदा अमलात आला आणि जुनी बंधने सैल झाली. तांबड्या कार्बनची तिकिटे, तसेच परतीची जागा ७२ तास आधी पुन्हा पक्की करण्याचा शिरस्ता, ही दोन्ही कालांतराने लयास गेली. २००८ च्या जूनपासून तर कागदी तिकीटच बंद झाले. मधल्या काळात धास्तीने नवी कलमे वाढविली होती. १९९९ च्या कंदाहार विमान-अपहरण प्रकरणानंतर विमानतळांचा बंदोबस्त केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास आरंभ झाला. हातपिशवीच्या चिठ्ठीवरील त्यांचा शिक्का मुंबईदिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर २०१७ साली रद्द होईपर्यंत उतारू ती चिठ्ठी जिवापाड जपत. २००६ मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यापासून परदेशी जाताना हातपिशवीतील द्रवपदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटलीत बसवावे लागतात. सुके खोबरे तेलामुळे ज्वालाग्राही ठरून वर्ज्य झाले, ही गोष्ट कोकणातून निघालेल्या कित्येकांस पेटी उघडली जाईपर्यंत खरी वाटत नाही. याउलट पॉवर बँक मोठ्या सामानात न टाकता हातपिशवीतच ठेवावी लागते.

एवढ्यावर भागत नाही. घरीच काट्यावर पेटी तोलणे, आसन निवडणे, बोर्डिंग पास काढणे, ही जी कामे पूर्वी खिडकीपलीकडचा गणवेशधारी मनुष्य करी, ती आता उतारूने, किंवा त्याच्या नातवाने, मोबाइलवर उरकायची असतात. करोनाच्या साथीत स्पर्श टाळण्यासाठी तसा हुकूमच निघाला होता. साथ ओसरली, तरी खिडकीवर जाऊन पास मागणाऱ्याकडून काही विमान कंपन्या निराळी फी घेतच राहिल्या, आणि अखेर २०२२ च्या जुलैत नागरी विमान वाहतूक मंत्रालयास असे स्पष्ट करावे लागले की, खिडकीवर पास देण्याबद्दल वेगळा आकार घेता येणार नाही.