परठवण्याचा विवेक

पांजरपोळात काम करणाऱ्या पशुवैद्यांना एक दृश्य चांगलेच परिचयाचे झाले आहे. रस्त्यावर हिंडणारी गाय आणली जाते. पोट फुगलेले असते, अंग मात्र हाडांना चिकटलेले. ती चारा खात नाही, रवंथ करीत नाही. शस्त्रक्रिया केली की पोटाच्या पहिल्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा घट्ट गोळा बाहेर येतो. दोऱ्या, चिंध्या, कधी तारेचे तुकडेही त्यात गुरफटलेले असतात. असे कित्येक किलो ओझे तिने महिनोन्‌महिने वाहिलेले असते.

गाईला प्लास्टिकची आवड नसते. तिला वास येतो तो आतल्या सालींचा, उरलेल्या पोळीचा. पिशवीची गाठ सोडायला तिला हात नाहीत. गुरांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. घास निवडून घेण्यापेक्षा आधी गिळायचे आणि मग निवांत रवंथ करायचे, हाच त्यांचा निसर्गधर्म. म्हणून पिशवी अन्नासकट पोटात जाते आणि तिथेच राहते. आपण वर्षाकाठी जीवदयेची पावती फाडतो, पर्युषणात पांजरपोळाला चाऱ्याची रक्कम लिहितो. आणि त्याच घरातून रोज सकाळी गाठ मारलेली एक पिशवी गल्लीच्या कोपऱ्यावर जाते. व्यापारी माणसाला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. जमेच्या बाजूला जे लिहिले, ते नावेच्या बाजूने आपणच पुसून टाकीत आहोत.

साधू-साध्वींच्या आचारात ज्या पाच समिती सांगितल्या आहेत, त्यांतील पाचवी परिष्ठापनिका समिती. नको असलेली वस्तू टाकायची, ती जागा नीट पाहून, जीवजंतू नाहीत याची खात्री करून, यतनेने. आपल्या घरांत याला ‘परठवणे’ म्हणतात. श्रावकाला हा नियम इतक्या सूक्ष्मपणे लागू नसेल. परंतु त्यातला विचार त्याच्याही कामाचा आहे. वस्तू घेताना जशी जबाबदारी असते, तशीच ती टाकतानाही असते. उंबरठ्याबाहेर गेली म्हणजे आपल्या हातून सुटली, असे होत नाही.

आपल्या आजोबांच्या पेढीवर हे कोणी शिकवीत नव्हते, तरी पाळले जात होते. पोत्याची शिवण उसवताना सुतळी तोडली जात नसे. तिचा गुंडा करून ठेवला जाई. रिकामी गोणपाटे झटकून, घडी घालून रचली जात. आलेल्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर दिवसाचा हिशेब मांडला जाई, आणि रद्दीच्या पुड्यांतून किराणा घरोघर जाई. घरातही ताटात उष्टे टाकायचे नाही, आणि जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिऊन घ्यायचे, ही रीत होती. आजही काही घरांतील वडीलधारी मंडळी ती पाळतात. अपरिग्रह हा शब्द न उच्चारता अपरिग्रह चाललेला होता.

आता घरात येणाऱ्या वस्तूंचे स्वरूप बदलले, तेव्हा टाकण्याची रीतही नव्याने बसवावी लागेल. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करणे प्रत्येक कुटुंबावर बंधनकारक केले होते. यामागे केवळ कायदा नाही, माणसे आहेत. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आकाराला आली. दारोदार येऊन कचरा नेणाऱ्या या संस्थेत बहुसंख्य स्त्रिया आहेत. आपण एकत्र कोंबलेला डबा त्या हातांनी निवडतात. फुटलेला पेला, इंजेक्शनची सुई, दाढीचे पाते, वापरलेले सॅनिटरी नॅपकिन, सगळे त्या हातांना लागते. काच जाड कागदात गुंडाळून द्यावी, नॅपकिन वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करावा, सुया झाकणाच्या डब्यात साठवून वेगळ्या द्याव्यात. यासाठी दिवसाला दोन मिनिटे पुरतात. दुधाची पिशवी विसळून वाळवली, तर तिचा पुनर्वापर होऊ शकतो. खरकट्याने माखलेली असेल, तर ती कचरा डेपोवरच जाते. या डेपोंच्या शेजारी कोण राहतात, हे पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांना विचारावे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या वेशीवर पडला, आणि विहिरींचे पाणी खराब झाले म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली.

ओल्या कचऱ्यापाशी आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. खताच्या डब्यात जीव उत्पन्न होतात. मग ती हिंसा नव्हे का? प्रश्न प्रामाणिक आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. मात्र साली पिशवीत बांधून बाहेर दिल्या, म्हणून त्या सडायच्या थांबत नाहीत. डेपोच्या ढिगात त्या हवेविना कुजतात, मिथेन वायू तयार होतो, आगी लागतात, आणि तिथल्या जीवहानीला तर मोजमाप नाही. उत्पत्ती कमीत कमी व्हावी, अशी वाट निवडणे आपल्या हाती आहे. पहिली वाट म्हणजे गरजेपुरतेच रांधणे. दुसरी, ताज्या साली पिशवीविना, त्याच दिवशी गोशाळेत पोचवणे. चार घरांनी मिळून एक बादली ठेवली तरी हे जमते. तिसरी, साली उन्हात पूर्ण सुकवून मगच कुंडीत किंवा डब्यात वाळलेल्या पानांच्या थरांमध्ये घालणे. ओल कमी राहिली की दुर्गंधी येत नाही, अळ्याही क्वचितच होतात, आणि काही महिन्यांत काळी भुसभुशीत माती हाती येते. शंका उरली, तर चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना अवश्य विचारावे.

पाण्याच्या बाबतीत तर आपला वारसा फार मोठा आहे. पाणी गाळून घ्यायचे आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडायची, इतकी काळजी ज्या घरांनी घेतली, त्याच घरांत आज शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी दिवसभर मोरीत वाहते. ते बादलीत धरले, तर फरशी पुसायला आणि जिना धुवायला पुरते. छताचा हिशेबही करून पाहावा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी होते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पावसाळ्यात सुमारे ७०,००० लिटर पाणी उतरते. त्यातले निम्मे जरी गाळून बोअरमध्ये किंवा टाकीत वळवले, तरी उन्हाळ्यात सोसायटीचे काही टँकर वाचतील.

राहिला प्रश्न आपल्या स्वामीवात्सल्याचा आणि लग्नकार्यांचा. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर देशभर १ जुलै २०२२ पासून. तरीही मांडवामागे काय साठते, ते आपण पाहतोच. प्रत्येक संघाने स्टीलच्या ताट-वाट्यांचा एक संच करून ठेवला आणि तो कार्यासाठी घरांना दिला, तर तो खर्च पिढ्यान्‌पिढ्या फळ देईल. दुकानदार बंधूंनी पुठ्ठ्याचे खोके न फाडता पुन्हा वापरले आणि गिऱ्हाइकाला कापडी पिशवी आणण्याची सवय लावली, तर त्यात तोटा काहीच नाही.

चातुर्मासात आपण लहानमोठे नियम घेतो. यंदा त्यांत एकाची भर घालावी : अन्न किंवा साली पिशवीत बांधून टाकणार नाही. चार महिने हा नियम पाळणाऱ्या घराच्या कोपऱ्यावर गाय आली, तर तिला साली मिळतील आणि पिशवी मिळणार नाही.