टूनगॅबीतलं बॅकयार्ड आणि 1 कोटी डॉलरचा विमा

पहिलं पोर येण्याआधी मावशींची बॅकयार्डमध्ये एक फेरी होते. तीनचाकी सायकली उलट्या करून सीटखाली बघायचं, कारण रेडबॅक कोळ्याला जाळं विणायला अशीच सांदीकोपऱ्यातली जागा लागते. वाळूच्या हौदावरचं झाकण काढून वाळू फावड्याने वरखाली करायची. रात्री शेजारची मांजर येऊन गेलेली असू शकते. पाणी साठलेली बादली पालथी घालायची, फाटकाची कडी दोनदा ओढून बघायची. मग तक्त्यावर खुणा, तारीख आणि सही.

मुलं मावशी म्हणत असली तरी कागदोपत्री त्या ‘फॅमिली डे केअर एज्युकेटर’. सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामाटा आणि ब्लॅकटाउनच्या मधल्या टूनगॅबीत भारतीय कुटुंबं भरपूर, त्यामुळे मराठी बोलणाऱ्या घरगुती पाळणाघराला गिऱ्हाईक कमी नाही. एका वेळी फार तर 7 मुलं, त्यांतली शाळेत न जाणारी 4.

कुंपणाबद्दलचा नियम मोठा व्यवहारी आहे: लहान मूल त्याच्यावरून, खालून किंवा मधून जाता कामा नये. म्हणजे कुंपण कितीही उंच असलं, तरी त्याला टेकून ठेवलेली कुंडी ही पायरीच. तुळशीची जागासुद्धा याच हिशेबाने ठरते.

आता विमा. प्रत्येक एज्युकेटरकडे किमान 1 कोटी डॉलरचा पब्लिक लायबिलिटी विमा हवाच. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत घरात चालणारा व्यवसाय बहुधा धरलेला नसतो, म्हणून हा खर्च वेगळा. पालकांची मात्र एक गफलत होते. पोराचा हात मोडला की विमा कंपनी आपोआप पैसे देईल, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. सांभाळणाऱ्याकडून हलगर्जी झाली, हे आधी दाखवावं लागतं. सकाळच्या त्या कंटाळवाण्या तक्त्याची किंमत इथे कळते.

विम्याच्या धसक्याला इतिहासही आहे. मार्च 2001 मध्ये एचआयएच ही बडी ऑस्ट्रेलियन विमा कंपनी बुडाली. पब्लिक लायबिलिटीचे हप्ते भडकले, छोट्या संस्थांना कार्यक्रम भरवणं परवडेना. त्या गदारोळात न्यू साउथ वेल्सने 2002 मध्ये सिव्हिल लायबिलिटी अ‍ॅक्ट आणला. धोका आधी लक्षात येण्यासारखा होता का, क्षुल्लक तर नव्हता ना, शहाण्या माणसाने काय काळजी घेतली असती, हे त्यात तपासतात. शिवाय ज्या कामातून धोका उद्भवला, त्याचा समाजाला उपयोग किती, हेही तोलतात. मुलांच्या खेळाच्या बाजूने याहून चांगला मुद्दा कुठला?

तरी भीती कायद्याच्या दोन पावलं पुढे चालते. ट्रॅम्पोलिनवर अनेक ठिकाणी सरळ फुली असते, आणि ते एक वेळ पटतं. पण झाडाच्या बुटक्या फांदीवरही फुली पडते तेव्हा अती होतं. लहान मुलांच्या शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा तर मुलांनी धोका स्वतः जोखायला शिकावं असंच सांगतो.

ऊन मात्र कुणाची भीड ठेवत नाही. जवळच्याच पेनरिथमध्ये 4 जानेवारी 2020 ला पारा 48.9 अंशांवर गेला होता. यूव्ही निर्देशांक 3 झाला की टोपी आणि सनस्क्रीन लागतंच. उन्हाळ्यात बाहेरचा खेळ सकाळीच उरकतात. कोपऱ्यावरच्या पार्कात नेहमी जायचं असेल तर धोक्यांचा लेखी अंदाज हवा, आणि पालकांची परवानगी दर 12 महिन्यांनी नव्याने.

एवढं करूनही पोरं पडतातच. कपाळाला टेंगूळ आलं, की कुठे, कधी, कसं आणि त्यावर काय केलं ते लिहायचं आणि पालकांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत, कळवायचं. गंभीर असेल तर तेवढ्याच वेळात सरकारी नियामकालाही. पुण्याहून आलेली आजी म्हणते, “अहो, एवढं काय त्यात, हळद लावा की.” मावशी हसून मान डोलावतात आणि नातवाच्या आईपुढे सहीसाठी फॉर्म धरतात. नियमाप्रमाणे तो फॉर्म पोरगा 25 वर्षांचा होईपर्यंत जपून ठेवावा लागतो.